बदाम फोडायचा दगड

मूर्खपणा करण्याची माझी एक ठरलेली पद्धत आहे. आधी मी भाषण करतो. नुसता मूर्खपणा करून गप्प राहणं मला जमत नाही. कोळगावला जिल्ह्याची नवी कचेरी झाली, तेव्हा तिथल्या एका खिडकीपुढे उभा राहून मी सातबाऱ्याच्या दिरंगाईवर इतकं बाणेदार बोललो की मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने माझी पाठ थोपटली. मग आतल्या बाईंनी चष्मा वर करून सांगितलं की ही खिडकी निवडणूक ओळखपत्राची आहे. सातबाऱ्याचं पलीकडच्या इमारतीत. म्हाताराही चुकीच्याच रांगेत होता हे कळल्यावर आम्ही दोघं मुकाट्याने तिकडे गेलो.

त्या मानाने वडिलांच्या चितेपाशी केलेलं माझं भाषण लहान होतं. दोन-तीन वाक्यंच. पण त्याची किंमत मी अजून चुकवतोय, आणि ज्याच्यासाठी ते केलं त्यानेच मला तोंडघशी पाडलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची वाडी शिरगावला. नारळ, केळी, थोडी पानवेल, आणि विहिरीजवळच्या हौदावर सावली धरणारं एक जुनं देशी बदामाचं झाड. मी राहायला बोईसरला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर नमुने तपासायचे, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असं मानायचं. ही सवय मी कारखान्याच्या फाटकाबाहेरही घेऊन फिरायचो. आई देवधर्म करणारी. तिला मी फार छळलं. वडील मात्र माझ्या बाजूचे. निदान मी तसं समजत होतो.

आई गेली तेव्हा मी जाहीर केलं की मी डोकं भादरणार नाही, पिंड पाडणार नाही, मला यातलं काही पटत नाही. घरात रडारड चालू असताना हे भाषण झालं. वडील ओटीवर बसले होते. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तू नको करू. मला पन नाय पटत. पन गावाचं तोंड धरायला लागतं. मी उरकतो."

'उरकतो' हा शब्द मला इतका आवडला! अंत्यविधी म्हणजे कसं, वीजबिल भरून टाकावं तसं. त्या एका शब्दावर मी पुढची सगळी वर्षं त्यांना माझा माणूस मानलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतात, आणि ते मडकं एका लहानशा दगडाने फोडतात. तो दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात वस्तीला असतो असं म्हणतात. तो ऐकतो, बघतो, त्याला भूक लागते, कोण खरं रडतंय आणि कोण खोटं हेही कळतं. म्हणून खडा घरी आणून जपायचा, त्याच्यापुढे दिवा ठेवायचा, आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा, की जीव मोकळा. कावळ्यांचंही बरंच काही असतं, पण त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय.

आईच्या दहाव्याला वडील खाडीत गुडघाभर पाण्यात उतरले, आमच्याकडे पाठ केली, आणि काहीतरी 'डुबुक' झालं. मी काठावर हाताची घडी घालून उभा होतो, चेहऱ्यावर ते हसू, जे पाहून आत्या म्हणाली होती की याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. वडील तिच्या धाकात, आणि आम्ही सगळे वडिलांना तिच्या धाकात बघण्यात खूश.

त्यानंतर दर रविवारी मी मोटारसायकल काढून शिरगावला जायला लागलो. हौदाच्या कठड्यावर वडील आणि मी. आमचं दोन सभासदांचं निरीश्वर मंडळ. अध्यक्ष मी. वडिलांना मी चिटणीस केलं होतं, कारण ते बोलायचे कमी आणि मान जास्त डोलवायचे. खाली पडलेले बदाम गोळा करायचे, फोडायचे, आतला बोटाच्या पेराएवढा गर खायचा आणि आत्म्याचा निकाल लावायचा.

विषयांना तोटा नव्हता, कारण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मला भरपूर माल मिळायचा. आमचा एक फिटर उत्तर प्रदेशचा, पाच वेळा नमाज पढणारा. तो एकदा डब्यातली भेंडी चिवडत म्हणाला, "साहब, दफ़नाके लोग वापस मुड़ते हैं ना, तो मुर्दा उनके जूतों की आवाज़ सुनता है." वसईकडून येणारा एक ख्रिस्ती स्टोअरकीपर होता. तो म्हणायचा, छे, मेलेला माणूस झोपतो. स्वप्नसुद्धा पडत नाही. शेवटच्या दिवशी हाक येते तेव्हाच उठतो, आणि त्याला वाटतं आत्ताच तर डोळा लागला होता. त्याचीच बायको दुसऱ्या पंथाची. तिच्या मते कुणी झोपत नाही, सगळे जागेच असतात आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. "घरात या विषयावर आम्ही बोलत नाही," स्टोअरकीपर म्हणाला, "जेवण मिळायला पाहिजे ना."

हे सगळं मी रविवारी वडिलांपुढे नकला करून मांडायचो. ते हसायचे, पण मधेच विचारायचे, "बुटांचा आवाज? म्हंजे किती लांबवर ऐकू येतं?"

"मला काय ठाऊक! मी काय मोजायला गेलो?"

"नाय, इचार तरी त्याला."

मी खरंच विचारलं. फिटर म्हणाला, चाळीस कदम असं ऐकलंय, पण पक्कं माहीत नाही. ते मी वडिलांना सांगितलं, तर त्यांनी हौदापासून घराच्या पायरीपर्यंत नजर टाकली. मग म्हणाले, "आनि तो झोपवाला? झोपेत हाक मारली तर?"

मला वाटायचं, काय तयारी करतोय म्हातारा! समोरच्याचं म्हणणं पूर्ण समजून घेऊन मग त्याच्या चिंधड्या उडवणार. मी बोईसरला जाऊन मित्रांना सांगायचो, "माझा बाप बघा. शिरगावच्या वाडीत राहून असा विचार करतो."

आणि मधे ते बदामाचं झालं. ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

हौदाच्या कोपऱ्यात, नळाच्या खाली, एक काळा दगड असायचा. मुठीत मावेल एवढा, मधून एक पांढरी शीर गेलेली. हाताला छान बसायचा. एका रविवारी वडील पंप बंद करायला गेले होते, तेवढ्यात मी तो उचलला आणि बदाम फोडायला सुरुवात केली. सुरेख फुटत होते. वडील परत आले आणि असे ओरडले की माझ्या हातातला बदाम विहिरीत गेला.

"ठेव तो! ठेव खाली!"

"का? काय झालं?"

ते दगडाकडे बघत म्हणाले, "त्याच्याखाली इंचू असतो."

"दगड माझ्या हातात आहे, बाबा. विंचू असलाच तर आता मोकळा झाला."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, नळाखाली धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत कोपऱ्यात ठेवला. माणूस वय झालं की स्वच्छतेचा होतो, असा निष्कर्ष मी काढला. तपासणी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे हे इथे लक्षात घ्यावं.

पुढे वडिलांचं हृदय थकलं. पालघरच्या दवाखान्यात चार दिवस होते. मी कॉटशेजारी बसून म्हणालो, "बाबा, काही सांगायचंय?" ते म्हणाले, "केळीला पानी दे." एवढंच. माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, मंडळाचा चिटणीस शेवटपर्यंत ताठ राहिला.

ते गेले. समुद्रकाठच्या स्मशानात गाव जमलं. मी ठरवलं होतं की यांनी आईचं 'उरकलं', पण त्यांचं मी उरकणारही नाही. त्यांच्या विचारांना जागणार. अग्नी दिला, मडकं घेतलं, कारण चुलतभाऊ हातापाया पडला. मडकं फोडायला त्याने किनाऱ्यावरचाच एक दगड उचलला होता. समुद्र आत येऊ नये म्हणून बंधाऱ्याला काळे दगड ओतलेत ना, त्यातलीच एक कपची. मडकं फुटलं, पाणी गेलं, आणि त्याने खडा माझ्या हातात ठेवला. "जप," म्हणाला, "धा दिवस."

तेव्हा मी बोललो. "माझे वडील कुठल्या दगडात बसणारे नव्हते. ते होते तोवर होते. आता नाहीत. त्यांचा मान ठेवायचा असेल तर हे थोतांड इथेच थांबवू या."

आणि भरतीच्या पाण्यात खडा भिरकावला. शाळेत मी क्रिकेटमध्ये सीमेवर उभा राहायचो. फेक चांगली होती.

सुरूच्या झाडांतून वारा येत होता. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "आत्याला तूच सांग."

बायका स्मशानात येत नाहीत. आत्या घरी होती. तिने ओटीच्या कोपऱ्यात शेणाने सारवून घेतलं होतं, पाट मांडला होता, दिवा लावून ठेवला होता. मी पाय धुवून वर आलो तर तिने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले.

"दे."

"काय?"

"खडा दे रे."

मी सांगितलं. बाणेदारपणे सांगायला सुरुवात केली होती, पण वाक्याच्या मध्यावर तिचे हात तसेच पुढे राहिलेले दिसले आणि उरलेलं वाक्य मी पाटाकडे बघत संपवलं. आत्या खाली बसली. पाटावर बसली, खड्याच्या जागेवर.

"टाकलास," ती म्हणाली. "जगात कोनी टाकतं का रे? दुश्मनाचा पन नाय टाकत."

"आत्या, बाबांना हे पटत नव्हतं. तुला माहीत आहे."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी कोळगावच्या खिडकीतली बाई बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाताला धरून वाडीत नेलं. माझी बायको मागून आली. आत्या हौदाच्या कोपऱ्यात वाकली आणि तो पांढऱ्या शिरेचा दगड उचलून माझ्यापुढे धरला.

"ही तुजी आय."

मला काही कळेना. कळायला लागलं तेव्हा पहिली गोष्ट आठवली ती अशी, की मी हिला हातात धरून बदाम फोडलेत.

आत्याने सगळं सांगितलं. आईच्या दहाव्याला खाडीत जे 'डुबुक' झालं तो दुसराच दगड. आत्यानेच तो कनवटीला लावून आणला होता आणि गर्दीत भावाच्या हातात सरकवला होता. खरा खडा वडिलांच्या धोतरात. "म्हनाला, अक्का, धा दिवसांत काय बोलून होतं? इतकी वर्सं संगती काढली. मला तिला सोडवत नाय." म्हणून तिला वाडीत आणलं, नळाखाली, कारण आईला थंडाव्याची आवड. रोज संध्याकाळी पंप बंद केला की वडील तिथे बसायचे आणि दिवसाचं सगळं सांगायचे. केळीला काय भाव आला, कुणाच्या घरी पाळणा हलला, आत्या कशी खेकसली. आणि बहिणीकडून त्यांनी वचन घेतलं होतं: मी गेलो की माझा खडा पण इथेच. तिच्या बाजूला.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो. "दवाखान्यात विचारलं होतं मी!"

"मी बोलली त्याला, पोराला सांग. तर म्हनाला, नको, तो भासन करंल. खडा तर घरी आनंलच ना, सगळेच आनतात. मंग धाव्याला तू बदल. असं ठरलं व्हतं आमचं." तिने दगड पदराने पुसला. "आमी काय येडे, आमाला काय ठाव तू तितंच टाकशील म्हनून."

मी बायकोकडे वळलो. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"तुलासुद्धा?"

"बाबांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "दिवाळीला फूल वाहायचे मी. तुम्ही तेव्हा आत फटाक्यांच्या प्रदूषणावर बोलत असायचात."

म्हणजे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. मला सोडून. निरीश्वर मंडळाचा अध्यक्ष मी, आणि सभासद एकच, तोही मीच. इतकी वर्षं.

इथवर मी कसाबसा तग धरून होतो. पण माझ्यात एक खोड आहे, की जखम दिसली की बोट घालून बघायचं. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे का? तिच्याशी?"

आत्याला हसू आलं. सुतकात, डोळ्यांत पाणी असताना. "रविवारी तू गेलास का मंग लय हसायचा. म्हनायचा, आज पन आला व्हता तुजा शाना. आज पन सांगून गेला का तू नायस. मी त्याला म्हटलं, बरोबर हाय बाबा."

मी हातवारे करून आत्म्याच्या नकला करत होतो, आणि श्रोते दोन होते. एक मान डोलवत होता, आणि दुसरीला नंतर सगळं सांगून तिच्याबरोबर हसत होता.

"हे असं वागायचं?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं. भांडायचं. मी काय परका होतो? खोटं कशाला?"

"तू यावास म्हनून," आत्या म्हणाली. "पटत नाय बोलला असता तर तू आला असतास रविवारचा?"

"आलो असतो."

"आयसाठी किती येळा आलास?"



त्या दिवशी ओहोटीला मी किनाऱ्यावर गेलो. कुठून फेकला ती जागा ठाऊक होती, फेकही आठवत होती. नमुना शोधायचा तर शास्त्रशुद्ध शोधू म्हणून मी वाळूत काठीने चौकोन आखले. पण बंधारा फुटून फुटून त्याच्या कपच्या पार खालपर्यंत पसरलेल्या. सगळ्या काळ्या, मुठीएवढ्या, एकसारख्या. माझ्या वडिलांचा खडा कुठला याची एकच खूण मला ठाऊक होती, की त्यात माझे वडील आहेत. आणि ते नाहीत हे मीच तर सांगितलं होतं. गुडघ्यावर बसून मी एकेक दगड उचलत होतो, उलटा करून बघत होतो आणि मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्यांना. दगडाला नव्हे. एक कोळीण टोपली घेऊन जात होती. तिने विचारलं, "काय हरवलं, दादा?" मी म्हणालो, "चावी."

संतापायची पंचाईत तेव्हाच कळली. फसवलं म्हणून कुणाला तरी खडसवायचं, तर तो समोर जागा तरी असला पाहिजे. फिटरचं खरं असेल तर ते माझी पावलं ऐकत असतील, चाळीसपर्यंत. स्टोअरकीपरचं खरं असेल तर गाढ झोपलेत, आणि माझी एवढी तणतण फुकट. आणि माझं स्वतःचं खरं असेल, तर मी ओहोटीच्या चिखलात शिव्या देणारा एक मध्यमवयीन इसम, बस.

शेवटी मी त्यातल्या त्यात बरा दिसणारा एक दगड खिशात घालून घरी आलो. आत्याला दाखवला. तिने हातात घेतला, बाजूने फिरवला.

"हा नसंल," ती म्हणाली.

"कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? पन ठेव. तिच्या बाजूला ठेव. तुज्या बापानं तरी काय केलं? गावाला खोटाच दगड दाखवला ना? चालतं ते."

मी हौदाशी गेलो. आईचा दगड नळाखाली ओला होता. दुसरा मी त्याच्याशेजारी ठेवला. दोघं दिसायला ठीक दिसत होते. म्हणजे जोडपं म्हणून. आणि मग मला ते सहन होईना. एका बाईला इतकी वर्षं सगळ्यांनी विश्वासात घेतलं, आणि आता मी तिच्याशेजारी एक भलताच इसम आणून बसवणार? मला फसवलं ते फसवलं. पण ती वाट बघत असेल तर? मी असं मानत नाही. तरी असेल तर? पंप बंद झाला, संध्याकाळ झाली, अजून हे आले कसे नाहीत?

मी इकडे-तिकडे बघितलं. बायको घरात, आत्या ओटीवर. खाली बसलो, आणि जन्मात पहिल्यांदा भाषण न करता बोललो.

"आई, बाबा येणार नाहीत. मी त्यांना समुद्रात टाकलं. तुला ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय. मला कुणी सांगितलं नव्हतं."

मग केळीला काय भाव आला ते सांगितलं.

आजही रविवारी जातो. जाऊन हौदाच्या कठड्यावर बसतो, आईला आठवड्याचं सांगतो, आणि समुद्राकडे पाठ करून बसतो. मुद्दाम. आत्याच्या ते लक्षात आलंय. परवा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "रुसलास होय रे त्याच्यावर अजून? मंग हाय म्हनायचा तर तो."

"नाही," मी म्हणालो, आणि पाठ तशीच ठेवली.

किनाऱ्यावरून आणलेला तो दगड मी आईजवळून उचलला होता, पण टाकून देता आला नाही. तो हौदाच्या दुसऱ्या टोकाला पडून आहे. हाताला चांगला बसतो. बदाम फोडायला अगदी बरोबर. पण मी उचलतो आणि खाली ठेवतो. इतक्या कपच्यांमध्ये नेमका बाबांचाच खडा हाताला लागला असण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे माझ्याइतकं चांगलं कोण सांगू शकेल? जवळजवळ. राग आहे माझा, मान्य. तरी बापाने बदाम फोडायचे, इतका नाही.

आता मी बोईसरहून येताना पिशवीत हातोडी घेऊन येतो.